'आरडीएमए विंडो ७' म्हणजे नेमकी कोणती?

बऱ्याच प्रोसेसवर मिळून चालणारा आमचा प्रोग्राम कोसळला. या प्रोसेस एमपीआय नावाच्या मानकाने एकमेकींशी बोलतात, आणि विंडो म्हणजे प्रोसेसने इतरांसाठी उघडा ठेवलेला मेमरीचा भाग. लॉगच्या शेवटच्या ओळींचा मथितार्थ एवढाच होता: एमपीआय_पुट, म्हणजे दुसरीच्या विंडोत लिहिणं, करताना एरर आली, विंडोचं नाव 'आरडीएमए विंडो ७' (आरडीएमए म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट लिहिणं-वाचणं), एररचा प्रकार एमपीआय_ईआरआर_आरएमए_सिंक. त्यानंतर ९६ च्या ९६ प्रोसेस एकदम बंद.

आमच्या प्रोग्राममध्ये एका वेळी नऊ विंडो उघड्या असतात. त्यातली सातवी कोणती? बनवल्याच्या क्रमाने सातवी, की लायब्ररीच्या स्वतःच्या काही हिशेबाने? आणि हे नाव दिलं कोणी? आमच्या कोडमध्ये, एक जुना भाग सोडला तर, विंडोला नाव देणारी एकही ओळ नव्हती. तरी लॉगमध्ये नाव होतं, आणि ते वाचून काडीचाही बोध होत नव्हता.

या भानगडीतून एमपीआय_विन_गेट_नेम या विंडोचं नाव वाचून देणाऱ्या फंक्शनशी माझी नीट ओळख झाली. मॅन्युअलमध्ये त्याला अर्धं पान मिळतं आणि ते अर्धं पान कोणी वाचत नाही. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत उतरवतेय. कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच.)

आधी थोडी पार्श्वभूमी. मी ठाण्यात राहते, महापेला एका लहान कंपनीत काम करते. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून गाडी, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा, की ऑफिस. आम्ही ठाणे खाडीतल्या पाण्याचं मॉडेल चालवतो: भरती-ओहोटीबरोबर पाणी किती आत येतं, किती वेगाने बाहेर जातं, जाताना गाळ कुठे टाकतं. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. वाशीकडे रुंद, आणि कळव्याकडे येईपर्यंत इतकी अरुंद आणि उथळ की ओहोटीला नकाशावरच्या निम्म्या चौकोनांत पाणी नसतं, चिखलच असतो. फ्लेमिंगोंची त्यावर चंगळ असते. आमच्या समीकरणांचे मात्र हाल होतात, कारण कोरडे झालेले चौकोन दर पावलाला वेगळे सांभाळावे लागतात. ऑफिसातून खाडी दिसत नाही. दिसतो तो पारसिकचा डोंगर.

एवढं मोठं गणित एका प्रोसेसरवर होत नाही म्हणून खाडीचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका प्रोसेसकडे द्यायचा, आणि तुकड्यांच्या कडांवरची माहिती दर पावलाला शेजाऱ्याला कळवायची. हे कळवणं म्हणजे एमपीआय. १९९४ च्या पहिल्या मानकात पद्धत सरळ होती: एकाने पाठवायचं, दुसऱ्याने घ्यायचं, दोघांनीही हजर राहायचं. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकतर्फी व्यवहार आला. प्रत्येक प्रोसेस आपल्या मेमरीचा एक भाग इतरांसाठी उघडा करते, त्याला विंडो म्हणायचं. मग शेजारी हवं तेव्हा तिथे लिहितो किंवा तिथून वाचतो. मालकाला दर वेळी मध्ये पडावं लागत नाही. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत एमपीआय_विन_अलोकेट_शेअर्ड आलं. एकाच नोडवरच्या, म्हणजे एकाच यंत्रावरच्या, प्रोसेसना खरोखरची सामाईक मेमरी मिळाली, जिच्यात साध्या पॉइंटरने हात घालता येतो.

आम्हाला या तिसऱ्या प्रकाराचा मोठा फायदा झाला. खाडीच्या तळाचं कोष्टक ६०० एमबीचं आहे. नोडवर ४८ प्रोसेस, प्रत्येकीची स्वतंत्र प्रत म्हटली तर २८ जीबीच्या वर मेमरी एकाच कोष्टकाच्या ४८ प्रतींत खर्च. आता नोडमागे एकच प्रत असते. तर तळाची ही एक विंडो, पाण्याच्या उंचीची एक, गाळाची एक, वेगाच्या दोन दिशांच्या दोन, आणि अशा मिळून नऊ.

आता त्या नावाकडे. आम्ही ओपन एमपीआय या लायब्ररीची चौथी मालिका वापरतो. तिच्यात एकतर्फी व्यवहार सांभाळणारा जो अंतर्गत भाग असतो तोच विंडो बनवताना तिला स्वतःहून नाव चिकटवतो: भागाचं नाव, पुढे 'विंडो', पुढे आकडा. यूसीएक्स या नेटवर्कच्या लायब्ररीवरून व्यवहार चालत असेल तर 'यूसीएक्स विंडो' अमुक. हा आकडा विंडोंचा नाहीच. प्रत्येक विंडोसाठी लायब्ररी आतल्या आत एका कम्युनिकेटरची (म्हणजे एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटाची) नक्कल करते, आणि हा त्या नकलेचा क्रमांक. शून्य, एक आणि दोन हे क्रमांक लायब्ररीच्या ठरलेल्या कम्युनिकेटरांचे. तीन आणि चार आम्ही बनवलेल्या दोन कम्युनिकेटरांना गेले. पाचपासून विंडो सुरू: तळ पाच, पाणी सहा, गाळ सात. म्हणजे 'विंडो ७' ही आमची तिसरी विंडो! उद्या कोणी मध्येच आणखी एक कम्युनिकेटर बनवला की हीच विंडो आठ नंबरची होणार. अशा नावावर विसंबून डीबगिंग करायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

ओपन एमपीआय वापरणाऱ्यांना 'एमपीआय कम्युनिकेटर ३ डप फ्रॉम ०' ही ओळही ओळखीची असेल. तोही याच वळणाचा प्रकार. एमपीआयसीएच ही दुसरी लायब्ररी मात्र न दिलेल्या नावाच्या जागी मुकाट्याने रिकामी ओळ परत करते. मानकही तेच सांगतं: नाव दिलेलं नसेल तर सीमध्ये रिकामी स्ट्रिंग, फोर्ट्रानमध्ये नुसत्या मोकळ्या जागा. त्यामुळे 'लांबी शून्य आली, म्हणजे नाव दिलेलं नाही' अशी तपासणी एका लायब्ररीवर चालते आणि दुसऱ्यावर कायम गप्प बसते. कोडमध्ये ही तपासणी दिसली तर काढून टाका.

आमच्या टीममध्ये यंदा एक मुलगा आलाय. कळव्याचा आहे, माझ्याच गाडीला असतो, त्यामुळे ऑफिसातही 'ताई'च म्हणतो. एरर वाचल्याबरोबर त्याने नोडवर लॉगिन करून डेव्ह-एसएचएम या सामाईक मेमरीच्या फोल्डरमध्ये शोधाशोध सुरू केली.

"ताई, इथे या नावाची फाइलच नाही."

"नसणारच."

"पण शेअर्ड मेमरी आहे ना? मग नाव इथे दिसायला पाहिजे."

त्याचा तर्क चुकीचा नव्हता, फक्त दुसऱ्या गावचा होता. पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकातल्या शेअर्ड मेमरीत नाव हीच किल्ली असते. एका प्रोसेसने एसएचएम_ओपनला एक नाव दिलं, दुसरीने तेच नाव दिलं, की दोघी एकाच मेमरीपाशी पोचतात. लिनक्सवर ती डेव्ह-एसएचएममध्ये फाइलसारखी दिसतेसुद्धा. नाव एका अक्षराने चुकलं तर वस्तू सापडत नाही. सिस्टिम-व्हीच्या जुन्या पद्धतीत नावाऐवजी आकड्याची किल्ली असते, पण प्रवास तोच: किल्लीकडून वस्तूकडे.

एमपीआयच्या विंडोचा प्रवास उलटा. वस्तू आधी हातात असते, हँडलच्या म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणेच्या रूपाने, आणि तिच्यावरून नाव विचारायचं. नाव सांगून विंडो मिळवून देणारं फंक्शन एमपीआयमध्ये नाहीच. पुरावा हवा असेल तर विंडो बनवणाऱ्या फंक्शनांचे आर्ग्युमेंट पाहा: आकार आहे, एककाचा आकार आहे, इन्फो आहे, कम्युनिकेटर आहे, नावाला जागाच नाही. नाव नंतर, एमपीआय_विन_सेट_नेमने द्यायचं. तोवर मेमरी घेऊन झालेली असते, तिच्यामागे फाइल बनवायची असेल तर लायब्ररीने स्वतःला हवं ते नाव देऊन बनवलेली असते. आपण मागाहून दिलेलं नाव त्या फाइलला कळणार कुठून?

आमच्या घरी स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख घातलेली आहे. नाव नसतं तरी डाळ शिजलीच असती. पण शेजारच्या पूजेला दिलेलं पातेलं चार घरची भांडी एकत्र घासली जातात तेव्हा परत मिळतं ते त्या नावामुळे. विंडोच्या नावाचं काम नेमकं एवढंच आहे. मानकातसुद्धा सरळ म्हटलंय की नाव दिल्याने प्रोग्रामच्या अर्थात काही फरक पडत नाही, उलट थोडी मेमरी जास्तच लागते. पण डीबगर आणि प्रोफायलर यांना माणसाला समजेल असं काही दाखवता येतं.

मुलाला हे पटलं. मग त्याने विचारलं, "वाचायचं कसं?"

वाचणं तसं सोपं. एमपीआय_विन_गेट_नेमला तीन गोष्टी द्यायच्या: विंडोचं हँडल, नाव ठेवायला बफर, आणि लांबी परत घ्यायला एका इंटिजरचा पत्ता. बफर एमपीआय_मॅक्स_ऑब्जेक्ट_नेम या कमाल लांबीच्या स्थिरांकाएवढा घ्यायचा, 'आपलं नाव वीसच अक्षरांचं आहे' असं म्हणून वीसचा नाही. बफर किती मोठा आहे हे त्या फंक्शनला सांगायची सोयच नाही, त्यामुळे ते पुरेसा आहे असं धरूनच लिहितं. आणि वर सांगितल्याप्रमाणे नाव आपणच दिलं असेल याचीही खात्री नाही. ही मर्यादा मानकाप्रमाणे किमान ६४. ओपन एमपीआयमध्ये ६४ च आहे, एमपीआयसीएचमध्ये १२८. सीमध्ये त्यात शेवटचा शून्य-बाइट धरलेला असतो, परत येणाऱ्या लांबीत मात्र तो नसतो. फोर्ट्रानमध्ये हाच स्थिरांक एकाने कमी असतो, कारण तिथे शून्य-बाइट नाही. उरलेली जागा उजवीकडे मोकळ्या अक्षरांनी भरली जाते. त्याहून लांब नाव दिलं तर ते कापलं जातं, तक्रार येत नाही.

कापण्यावरून आठवलं. मुलाला हौस आली, विंडोला मराठी नावं देऊ. माझा विरोध नव्हता. 'खाडीच्या तळाची खोली उत्तर' असं छान नाव त्याने दिलं आणि वाचून छापलं, तर आलं 'खाडीच्या तळाची खोली उत्'. पाय मोडलेला त, पुढे काही नाही. हिशेब सोपा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. त्या नावात २२ चिन्हं आणि तीन मोकळ्या जागा, म्हणजे ६९ बाइट. चालतात ६३. तरी आमचं नशीब की कापणी चिन्हाच्या सीमेवर पडली. एक बाइट इकडेतिकडे झाला असता तर टर्मिनलवर प्रश्नचिन्हं उमटली असती आणि लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टने मान टाकली असती. त्यानंतर आम्ही रोमन लिपीतली छोटी नावं ठरवली: तळ, पाणी, गाळ. वाचायला मराठीच.

फोर्ट्रानची वेगळी कथा. आमच्याकडे एक सर आहेत, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून येतात. गाळाचा मूळ कोड त्यांचा, फोर्ट्रानमधला, सगळी अक्षरं कॅपिटल. त्यांनी नाव बनवताना तारांकित राइट (मांडणी फोर्ट्रानवरच सोडणारा) वापरून स्ट्रिंगमध्ये लिहिलं. फोर्ट्रानमध्ये अशा राइटने ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा येते. आता मानकाचा नियम असा की नावाच्या शेवटच्या मोकळ्या जागा सोडून द्यायच्या, पण सुरुवातीच्या मात्र नावाचाच भाग. सीच्या बाजूने तेच नाव वाचलं की एक जागा सोडून 'गाळ', आणि तुलना केली की नापास. छापल्यावर डोळ्यांना दिसतही नाही, कारण लॉगच्या ओळीत आधीच चार मोकळ्या जागा असतात. मी नाव छापताना दोन्ही बाजूंना चौकटी कंस घालते ते एवढ्यासाठी. सरांना सांगितलं तर म्हणाले, "ॲडजस्टएल लावून टाक, त्यात काय." लावलं.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो लक्षात आला नाही तर नाव मदत करण्याऐवजी दिशाभूल करतं. नाव देणं ही स्थानिक गोष्ट आहे. विंडो बनवताना सगळ्या संबंधित प्रोसेसना एकत्र यावं लागतं. नाव देताना नाही. ज्या प्रोसेसने नाव दिलं तिच्यापुरतंच ते. बाकीच्यांकडे तीच विंडो बिननावाची असू शकते, किंवा भलत्याच नावाची, आणि मानकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या कोडच्या जुन्या भागात याचा नमुनाच बसलेला होता. पुलांच्या खांबांजवळ पाणी तळ उकरतं, त्याचं वेगळं गणित असतं. म्हणून ज्या प्रोसेसच्या तुकड्यात पुलाचे खांब येतात तेवढ्यांचा वेगळा कम्युनिकेटर आणि वेगळी विंडो: एक वाशीच्या पुलासाठी, एक ऐरोलीच्या. नावं देण्यासाठी कोणीतरी एक काउंटर ठेवला होता, विंडो बनली की एकाने वाढणारा. खाडीची विभागणी लांबोळक्या पट्ट्यांत केली तेव्हा काही प्रोसेसना दोन्ही पूल आले. त्यांच्याकडे वाशी 'पूल_१' आणि ऐरोली 'पूल_२'. ज्यांच्याकडे फक्त ऐरोली, त्यांच्याकडे ऐरोलीच 'पूल_१'. एकाच विंडोची दोन नावं, आणि एकच नाव दोन विंडोंना. चार प्रोसेसचे लॉग शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वाटणार की बिघाड वाशीला आहे, आणि खरा बिघाड ऐरोलीला. गणितात याने एका दशांशाचाही फरक पडत नव्हता, म्हणून कोणाच्या नजरेलाही आलं नव्हतं.

उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. नाव काउंटरवरून न बनवता पुलावरून बनवायचं, म्हणजे कुठल्याही प्रोसेसकडे ते तेच येतं. आणि डीबग बिल्डमध्ये विंडो बनल्यावर एक तपासणी: कम्युनिकेटरमधल्या शून्य नंबरच्या प्रोसेसने आपल्याकडचं नाव वाचून ब्रॉडकास्ट करायचं, म्हणजे सगळ्यांना पाठवायचं, बाकीच्यांनी आपापलं वाचून ताडून पाहायचं, सगळ्यांचा मिळून निकाल ऑल-रिड्यूसने गोळा करायचा. तुलना शून्य-बाइटपर्यंतच करायची, पूर्ण बफरची नाही. त्यापुढे बफरमध्ये काय पडलंय याची हमी कोणी देत नाही. ही तपासणी विंडो बनवतानाच करून टाका, कारण तेव्हा कम्युनिकेटर हाताशी असतो. नंतर विंडोकडून कम्युनिकेटर परत मिळत नाही, एमपीआय_विन_गेट_ग्रुपने फक्त ग्रुप मिळतो, आणि मग त्यातून नवा कम्युनिकेटर बनवत बसा.

आता वाचायचं कुठे? हा प्रश्न मला 'कसं'पेक्षा जास्त कामाचा वाटतो. सगळं सुरळीत चालू असताना विंडोचं नाव वाचून कोणाला काय करायचंय? नाव लागतं ते कोसळताना. विंडोवर डीफॉल्ट एरर हँडलर (एरर आली की चालणारं फंक्शन) असतो तो एमपीआय_एरर्स_आर_फेटल, म्हणजे चूक दिसली की सगळं बंद. ओपन एमपीआय बंद करता करता निदान नाव छापतं. दुसरी लायब्ररी छापेलच असं नाही, काही ठिकाणी नुसता हँडलचा हेक्साडेसिमल आकडा मिळतो. म्हणून स्वतःचा हँडलर लावायचा. एमपीआय_विन_क्रिएट_एररहँडलरला जे फंक्शन द्यायचं त्याचा पहिला आर्ग्युमेंट म्हणजे त्या विंडोच्या हँडलचा पॉइंटर असतो, दुसरा एरर कोडचा. म्हणजे गुन्हेगार विंडो आपोआप हातात येते. तिथे एमपीआय_विन_गेट_नेम करायचं, एमपीआय_एरर_स्ट्रिंगने एररचा मजकूर घ्यायचा, रँक (प्रोसेसचा क्रमांक) आणि सिम्युलेशनमधली वेळ जोडून एका ओळीत छापायचं, बफर फ्लश करायचा, आणि मग एमपीआय_अबॉर्ट.

हँडलरमध्ये जास्त शहाणपणा करू नये. एरर आल्यानंतर एमपीआयची अवस्था काय असेल याची मानक हमी देत नाही. नाव वाचणं स्थानिक काम आहे म्हणून ते सहसा निभावतं, पण तिथे ब्रॉडकास्ट वगैरे करायला गेलात तर प्रोग्राम कोसळायच्या ऐवजी लटकेल, आणि लटकलेला प्रोग्राम कोसळलेल्यापेक्षा वाईट. दुसरं, विंडो बनवतानाच चूक झाली तर हा हँडलर उपयोगाचा नाही. विंडो अजून जन्मालाच आलेली नसते, म्हणून एरर कम्युनिकेटरच्या हँडलरकडे जाते.

नावं देऊन, हँडलर लावून आम्ही तोच रन पुन्हा सोडला. या वेळी ओळ आली ती अशी: रँक ४१, विंडो [गाळ], सिंक एरर, वेळ उधाणाच्या ओहोटीच्या ऐन भरातली. अर्ध्या तासात कारण सापडलं. एकतर्फी लिहिणं-वाचणं फेन्सने उघडलेल्या व्यवहार-काळातच करायचं असतं, आणि गाळाच्या विंडोवरच्या शेवटच्या एमपीआय_विन_फेन्सला एमपीआय_मोड_नोसक्सीड हे आश्वासन दिलेलं होतं: या फेन्सनंतर मी या विंडोवर काही लिहिणार-वाचणार नाही. वेग वाढवण्यासाठी देतात ते, आणि जेव्हा दिलं तेव्हा खरंही होतं. पुढे गाळाचा नवा भाग जोडला गेला. एका चौकोनातून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त गाळ वाहून गेला तर शेजाऱ्याला ताबडतोब कळवायचं, असा. ते पुट त्या फेन्सच्या खाली आलं. मध्यम भरतीला मर्यादा ओलांडलीच जात नाही, त्यामुळे छोट्या चाचण्या सगळ्या पास. उधाणाची ओहोटी लागली, कळव्याजवळच्या अरुंद भागात वेग वाढला, आणि कोणताही व्यवहार-काळ उघडा नसताना पुट झालं. आश्वासन काढलं, खाली आणखी एक फेन्स टाकला. वेळेत फरक मोजण्याइतका पडला नाही.

यश मिळाल्यावर मुलाच्या डोक्यात पुढची कल्पना आली. सगळ्या विंडो एका यादीत ठेवू, आणि कोडमध्ये जिथे लागेल तिथे नावावरून शोधू, म्हणजे दहा फंक्शनांतून हँडल नाचवावं लागणार नाही.

"नाही," म्हटलं.

"का पण ताई? नाव आता सगळीकडे सारखंच आहे, आपण तपासतोय ना."

"डीबग बिल्डमध्ये तपासतोय. आणि उद्या कोणी नाव बदललं तर गणित बदलेल. आज नाव बदललं तर फक्त लॉग बदलतो. मला हा फरक ठेवायचाय."

तो गप्प बसला, पण पटलेलं दिसलं नाही. विंडोबरोबर स्वतःची माहिती न्यायचीच असेल तर त्यासाठी ॲट्रिब्यूट आहेत, एमपीआय_विन_सेट_अ‍ॅटर: त्यात स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवता येतो आणि विंडो मोकळी करताना साफसफाईचं फंक्शन आपोआप बोलावता येतं. नावालाही ॲट्रिब्यूटच का केलं नाही, याचं उत्तर मानकातच आहे: फोर्ट्रानमधून ॲट्रिब्यूटमध्ये स्ट्रिंग ठेवणं सहसा जमत नाही, आणि ती मेमरी कोणी सोडायची हाही घोळ होतो. सरांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते फार खूश झाले. फोर्ट्रानचा विचार करून घेतलेला निर्णय त्यांना क्वचितच वाचायला मिळतो.

पुटच्या प्रत्येक कॉलला नाव छापणारा एक रॅपरही मुलाने लिहिलाय, प्रोफायलिंगसाठी. दर कॉलला नावाची प्रत काढणं उगाच आहे. विंडो बनवताना एकदाच वाचून ॲट्रिब्यूटमध्ये ठेव, असं सांगितलंय. सोमवारी बघू काय करतोय ते.